उजव्या हाताची अक्षरं

माझा स्वभाव मुळातच तापट, आणि कीबोर्डच्या बाबतीत तर विचारायलाच नको. सातपूर कॉलनीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल टाइप करून द्यायची. माझ्या कीबोर्डला कुणी बोट लावलं की टाळकं फिरायचं माझं. त्याच कीबोर्डच्या कळा मी स्वतः स्क्रूड्रायव्हरनं उपटल्या, त्याला दुसरा जोडीदार आणला आणि अक्षरं इकडची तिकडे केली. सगळं धाकट्या भावापायी.

भाऊ सातपूरमधल्याच एका लहानशा वर्कशॉपमध्ये पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर होता. त्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे एकही हात आत राहू नये. पण एक हात मोकळा असला की नग जास्त निघतात, म्हणून तिथे सगळेच एका बटणावर रबराची पट्टी घट्ट बांधून ठेवायचे. नवा माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी हे शिकवायचे, वर त्याला हुशारी म्हणायचे. भावानंही बांधली होती. एका फर्स्ट शिफ्टला प्रेस खाली आली आणि त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट आणि त्याच्या शेजारची अनामिका गेली. अंगठा, तर्जनी आणि एक ताठरलेली करंगळी तेवढी राहिली.

जखम भरली, पण भाऊ कॉटवरून हलेना. मालकानं गेटवर बसायचं काम देऊ केलं, त्याला हा नाही म्हणाला. दिवसभर उजव्या हातावर नॅपकिन टाकून बसायचा. जखमेची पट्टी सोडताना डॉक्टरनं पाहिला असेल तेवढाच, आम्हाला काही तो हात दाखवायचा नाही. जेवायचा मात्र त्याच हातानं. वरणभात बोटांच्या फटीतून ताटात पडायचा, आई दुसरीकडे बघायची, आणि मी उगाच आईवर ओरडायची. कुणावर तरी ओरडायला हवं होतं. त्याला काम हवं होतं, गेटवर बसून सलाम ठोकायचं नव्हे, हाताचं काम. आणि मला तो त्या कॉटवरून उठलेला हवा होता. तो तसाच बसून राहील आणि एक दिवस आम्हालाही त्याची सवय होईल, याची मला फार भीती वाटायची.

कारखान्यात लागायच्या आधी त्यानं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि मराठी टायपिंगमध्ये तो माझ्याहून फास्ट होता. तेव्हा मी जळायची त्याच्यावर. म्हणून मी त्याला म्हटलं, ये, एक हँडबिल मारून दे, माझी मान मोडलीय. बऱ्याच आढेवेढ्यांनंतर तो बसला. मराठीच्या आमच्या कीबोर्डवर काने, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला आणि व्यंजनं बरीचशी उजव्या हाताला असतात. त्याच्या मधल्या बोटाखाली क आणि ग यायचे, अनामिकेखाली त आणि द. तो पडद्याकडे न बघता, कागदावर नजर ठेवून भराभर मारत गेला, पूर्वीसारखाच. मी वाचायला घेतलं तर नाशिकचं झालं होतं 'नाशि' आणि सातपूरचं 'सापूर'. मला वाटलं, घाईत सुटलं असेल.

"मी दाबलं होतं," तो म्हणाला.

त्याला मी चिडून म्हणणार होते की काय दाबलंस, दिसतंय की. पण त्याचा चेहरा पाहिला आणि सुटलेले क आणि त मीच भरले. त्याची बोटं त्याच्यासाठी गेलेलीच नव्हती. ती दुखायची, त्यांना खाज सुटायची, आणि आता ती आपापल्या अक्षरांवर जाऊन दाबून येत होती. त्याच्या हिशेबानं शब्द पुरा होता.

तेव्हा माझ्या डोक्यात कीबोर्ड बदलायचं शिरलं. संगणकावर आपल्याला हवी तशी अक्षरं कळांवर बसवता येतात, तसा एक फुकटचा प्रोग्रॅम मिळत होता. मी सगळी नेहमीची अक्षरं डाव्या हाताखाली आणली आणि उजव्याला फक्त स्पेस ठेवली. मला वाटलं, वा, काय डोकं चालवलंय. त्यानं एक ओळ मारली आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

"उजव्या हाताला कामावरून काढलंस होय तू?"

खरं सांगते, मला त्याचा संताप आला. इतकी मेहनत केली आणि हा असं बोलतो! मी त्याला वाटेल ते बोलले, तो चप्पल घालून बाहेर गेला, आई दोघांनाही बोलली. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. जेवताना त्याच्या ताटाकडे पाहिलं आणि कळलं की तो बरोबर बोलतोय. बोटं तीन राहिली होती, पण हात त्याचाच होता.

मग आम्ही दोघं मिळून बसलो. आणखी एक कीबोर्ड आणला. दोन्ही एकाच संगणकाला जोडले की एकाचा डावा भाग डाव्या हाताला, दुसऱ्याचा उजवा भाग उजव्या हाताला, मधे मोकळी जागा. उजवा त्यानं लाकडी पाचरीवर चढवून तिरका केला, थोडा थोडा फिरवत, हात ठेवून बघत. अंगठा खालच्या ओळीवर सहज पडेपर्यंत त्याचं समाधान झालं नाही. पाचर त्यानं स्वतः घासली. त्या दिवशी नॅपकिन कुठे पडला होता त्याचा त्यालाही पत्ता नव्हता. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघून गेली आणि चहात साखर जास्त पडली.

आधी मी क आणि त जुन्याच जागी ठेवले आणि त्याला सांगितलं, तर्जनीनं दाब. जमेना. शब्द आला की नसलेलं बोट पुढे धावायचं, आणि तर्जनीला वाटायचं काम झालं. शेवटी ती अक्षरंच तिथून हलवली. क तर्जनीच्या शेजारी घेतला, त अंगठ्याला दिला, ग आणि द जवळपास कुठेतरी कोंबले, करंगळीला पूर्णविराम. जुन्या जागांवर काहीच ठेवलं नाही, तिथल्या कळा काढूनच टाकल्या. नवी अक्षरं पत्रिकेच्या उरलेल्या कागदावर छापून, कापून चिकटवली.

शिकायला त्याला फार त्रास झाला. जे हाताला येतं ते विसरायचं, म्हणजे कठीणच. बालवाडीतल्या पोरासारखा त त त, क क क मारत बसायचा. मी शेजारून चुका काढायची, तो म्हणायचा, तुझ्या लग्नाची पत्रिका मीच मारणार, पण तुला कुणी पत्करेल तेव्हा ना. मी त्याला पट्टीनं मारायची. अधूनमधून 'नाशि' यायचंच. मग तो मागे जाऊन क घालायचा.

एका दुपारी देवळा गावाकडच्या पार्टीची लग्नपत्रिका आली. मोठं कुटुंब, काका-काकूंची, आत्या-मावश्यांची नुसती रांग. मी म्हटलं, तू मार. मी पाठमोरी बसून कागद मोजत होते आणि कळांचा आवाज ऐकत होते. मधे कुठे थांबला नाही तो. मी वाचून पाहिलं, वरच्या 'श्रीं'पासून 'आहेर आणू नये'पर्यंत एकही अक्षर सुटलेलं नव्हतं. मी ओरडतच आत गेले, आईला सांगितलं, आईनं हातातलं लाटणं तसंच धरून देवापुढे हात जोडले. मी साखरेचा डबा घेऊन बाहेर आले.

तो खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर उघडा, आणि डाव्या हातानं जिथे ती दोन बोटं असायची तिथे चाचपत होता.

"ताई, ती आली नाहीत आज," तो म्हणाला. "एकदाही नाही आली."

मी म्हटलं, अरे मग चांगलंच आहे की, हेच तर हवं होतं आपल्याला.

"हो, चांगलंच आहे," तो म्हणाला. "पण म्हणजे आता गेलीच ना गं ती."

दवाखान्यात तो रडला नव्हता. घरी आणल्यावरही नाही. आता मात्र लहान मुलासारखा हमसून हमसून रडायला लागला. मी साखरेचा डबा टेबलावर ठेवला आणि त्याचा उजवा हात हातात घेतला. त्यानं तो काढून घेतला नाही.