उतरवलेल्या तारा

आमच्या शाळेतल्या ताई बाळंतपणाला चामोर्शीला माहेरी गेल्या, तेव्हा युकुलेले माझ्याकडं ठेवून गेल्या. काखेत मावेल एवढी, चार तारांची गिटारच ती. सकाळची दोन गाणी त्यावर पोरांकडून म्हणून घ्यायची, एवढंच काम.

मी मिरजेची. तिथं सतारी बनतात, म्हणून मला वाद्यातलं कळत असेल असं ताईंनी धरलं. मी नववीतून शाळा सोडलेली, गावी कधी तारेला हातही लावला नव्हता. पण नवऱ्याच्या कामापाठोपाठ इकडं एटापल्लीकडं आले, तेव्हा ओळखपाळख नसताना ताईंनीच मला मदतनीस म्हणून लावून घेतलं होतं. त्यांना नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही. जाता जाता त्यांनी एका बोटाची कॉर्ड दाखवली, एक तार दाबून चारही छेडायच्या. तारा सुरात कशा लावायच्या ते राहूनच गेलं.

ते मी फोनमधल्या ॲपवर शिकले. तार छेडायची, काटा बघत खुंटी पिळायची, काटा मधे आला की हिरवा होतो. चार तारांचे चार सूर, जी, सी, ई, ए. चारही तारा चांगल्याच उतरलेल्या निघाल्या. वाटलं, अवघडलेल्या दिवसांत ताईंचं लक्ष राहिलं नसेल. मी सगळ्या वर चढवल्या. जरा मिरवलंही मनातल्या मनात. नायलॉनच्या तारा, रोज थोड्या उतरायच्या. मी रोज पिळायची. माझ्या कानावर माझा भरवसा नव्हता, हिरव्यावर होता.

गाणं उचलून धरणारी एक माडिया आदिवासी पोर होती, घोगऱ्या आवाजाची. ती हळूहळू मागच्या रांगेत गेली. मी तिला सगळ्यांदेखत म्हटलं, तोंड उघड की नीट. दुसऱ्या दिवसापासून ती मोठं तोंड उघडायला लागली. जवळ जाऊन ऐकलं, तर आवाजच नव्हता. नुसते ओठ.

ताईंचा फोन आला तेव्हा मी कौतुकानं सांगितलं, तारा नीट लावून घेतल्या म्हणून. त्या हसल्या.

"अवो बाई, त्या मी मुद्दाम उतरवून ठेवल्या होत्या. आपल्या पोरायचे आवाज तिथीच लागतात. काई नाई होत, करा खाली."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

खाली म्हणजे किती, ते विचारायचं धाडस झालं नाही. दुपारी ती पोर हातपंपावर ताट घासत होती, स्वतःशीच काहीतरी गुणगुणत. मी युकुलेले घेऊन शेजारी टेकले. मी म्हटलं, गाणं मीच वर नेलं होतं गं, तुझं काही चुकलं नाही. तू सांग, कुठवर आणू?

ती ताटाकडंच बघत होती. मी तार सैल केली, छेडली.

"अजून खाली, बाई."

आणखी सैल केली. बाहेरून खाणीचा ट्रक गेला, तो जाईपर्यंत आम्ही दोघी थांबलो. पुन्हा छेडली. तिनं हळूच आवाज लावून बघितला.

"बस. इथी."

बाकीच्या तीन तारा मी त्या एकीला जुळवल्या, फोन न काढता. सकाळी ती गायली, मागच्याच रांगेतून. पुढं ये म्हणायचा मला अजून धीर होत नाही. आणि तारा खाली आणल्या, एवढंच ताईंना कळवलंय. त्या पोरीला सगळ्यांदेखत बोलले होते, ते सांगितलेलं नाही.