निळी कड

जोडीवाले काका म्हटलं की अनोळखी माणसाला वाटायचं, हे लग्नं जमवत असतील. जमवत होतेच, पण माशांची. खाऱ्या पाण्यातल्या एंजेल माशांचं त्यांचं बोळाएवढं दुकान होतं, आणि त्यातला नर कुठला, मादी कुठली हे एका नजरेत सांगणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता. निदान काकांचं तरी तसं ठाम मत होतं.

समजवायला लागले की काका रंगात येत. हे सगळे मासे आधी माद्याच असतात, घोळक्यात जी दांडगी निघते ती पुढे नर होते, आणि एकदा नर झालेला सहसा मागे फिरत नाही. दोन नर एका टाकीत म्हणजे एका म्यानात दोन तलवारी, एकाचा जीव जाईपर्यंत. त्यांच्या दुकानातल्या केशरी, काळ्या पट्ट्यांच्या जातीत ओळखायची खूण म्हणजे पराच्या मागच्या टोकाची निळी कड. नराची ठसठशीत, मादीची जेमतेम दोऱ्याएवढी.

काकू शेजारी बसून पिशव्यांत पाणी भरत, निवडलेला मासा जाळीनं काढून आत सोडत, रबर लावत. एखाद्या गिऱ्हाइकानं चुकून त्यांना काही विचारलं तर काका लगेच म्हणत, "तिला काय कळतंय त्यातलं?" काकू हसत आणि दुसरं रबर घेत. तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

अलीकडे दोन वर्षं काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरला तर नाहीच. निळी कड दिसेना तसे ते नुसत्या आकारावर जायला लागले. मोठा तो नर, लहान ती मादी. आणि नवल असं की एकही जोडी मोडली नाही. नजर गेली तरी अंदाज पक्का आहे, असं काकांनी मनाशी ठरवून टाकलं. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला दुसऱ्या कुणाची मदत लागत नाही.

मग काकू बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस गेल्या, आणि नेमक्या त्याच आठवड्यात शिवणवाल्या बाई आल्या. त्यांच्याकडे सात वर्षांचा एक नर होता. नवरा गेला त्या वर्षी आणलेला. शिलाई मशीनच्या बाजूलाच त्याची टाकी होती, आणि बाई दिवसभर त्याच्याशी बोलत. आता तो सुस्त झाला होता, त्याला सोबत हवी होती. एकच अट होती, याला काही होता कामा नये.

काकांनी कोपऱ्यातल्या टाकीतला एक छोटा मासा निवडला. लहान म्हणजे मादी. स्वतः जाऊन तो भोकांच्या पारदर्शक डब्यात घालून बाईंच्या टाकीत सोडला, म्हणजे दोघांना एकमेकांची ओळख व्हावी. दोन आठवडे ठेवायचा डबा, पण पाचव्या दिवशी काका बघायला गेले, तर दोन केशरी ठिपके डब्याच्या भिंतीला दोन्हीकडून चिकटून वरखाली होत होते. काकांना तो नाच वाटला. "जमलं बाई," म्हणाले आणि छोट्याला टाकीत मोकळा सोडून, डबा तिथंच ठेवून घरी आले.

तासाभरात फोन वाजला. काका धावत पोहोचले तेव्हा म्हातारा मासा हीटरच्या मागे अडकून धापा टाकत होता, पर फाटलेले. बाईंनी छोट्याला जाळीनं पकडून बादलीत टाकला होता. म्हाताऱ्याला डब्यात ठेवायचं तर डब्याच्या झाकणाची जाळी उसवलेली. बाईंचे हात ओले होते. त्यांनी काकांना सुईत दोरा ओवून द्यायला सांगितलं. काकांनी एकदा ओवून पाहिला, दोनदा पाहिला, दोरा सुईच्या बाजूनंच जात राहिला.

"दोरा जाड आहे," काका म्हणाले.

बाईंनी हात पदराला पुसले, सुई घेतली आणि एका फटक्यात ओवली. मग मान खाली घालून जाळी शिवायला घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना परतताना वाटत राहिलं.

काकू आल्या आणि त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आधीच काकांनी सगळं सांगितलं. काकूंनी कपाळावर हात मारला. "कोपऱ्यातला दिलात? अहो, तो कधीचा नर झालाय. त्याच्यापेक्षा बारक्या दोघी होत्या ना सोबत, त्यांच्यावर दादागिरी करून. त्यांना तो खायलासुद्धा देत नव्हता."

"तुला कसं कळलं?"

"पिशवी भरताना बघते की."

काका स्टुलावर बसले. निवडायचे ते, पण मासा पिशवीत जायचा तो काकूंच्या हातून. दोन वर्षांत एकही जोडी का मोडली नाही, ते त्यांना आता कळलं. किती वेळा मासा बदललास, असं त्यांनी विचारलं.

"मोजलं नाही. तुमचं नाव होतं ना," काकू म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या. काकांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त भरून आलं.

म्हाताऱ्याचे पर भरून यायला महिना लागला. मग दोघं मिळून बाईंकडे गेले. या वेळी मासा काकूंनी निवडला होता, आणि डबा पुरते दोन आठवडे ठेवला. काढला त्या दिवशी संध्याकाळी टाकीतला दिवा मंद झाला आणि तिघं समोर बसली. काकांना नुसतं केशरी धुकं दिसत होतं.

"काय करतायत गं?" त्यांनी विचारलं.

"दोघं वर येतायत. शेजारीशेजारी. ती पुढे, तो तिच्या पोटाला तोंड लावून."

बाईंनी डोळे पुसले. "काका, तुमची नजर ती नजर," त्या म्हणाल्या. सुईचं त्यांनी मनातच ठेवलं होतं.

काका एवढ्यावर गप्प बसले असते तर नाव राहिलं असतं.

"मला दिसत नाही हो बाई," काका म्हणाले. "हिनं निवडली. सगळ्या हिनंच निवडल्यात."