मामांचा ट्रेलर

"पोदुम!"

हा शब्द कानावर आला की ट्रेलरमध्ये सामान भरू लागणाऱ्या आमच्या गल्लीतल्या बायका हातातलं गाठोडं तिथंच खाली ठेवत. पोदुम म्हणजे पुरे. मामा ट्रेलरचा पुढचा दांडा दोन्ही हातांनी उचलून, डोळे मिटून वजन अजमावत उभे असत. दांडा हाताला जरा जड लागला पाहिजे, नाहीतर ट्रेलर मागून झुलतो; पण स्प्रिंगा बसता कामा नयेत. "मला नका विचारू, स्प्रिंगला विचारा," एवढंच म्हणत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. हट्टी ती हट्टी, आणि वर त्यांचंच बरोबर निघतं म्हणून जास्त राग येतो.

मी लग्न होऊन साताऱ्याहून मद्रासला, टी. नगरात आले तेव्हापासून मामा आमचे शेजारी. तंजावरकडचं मराठी घराणं, बोलण्यात निम्मी तमिळ. कारखान्यात इंजिनिअर. लष्कराच्या लिलावातला ट्रेलर आणून त्यांनी त्यावर छप्पर चढवलं, आत स्वयंपाकाचा ओटा बसवला. लोक म्हणत, साहेबी शौक! कसला शौक? सगळी खटपट थोरल्या बहिणीसाठी, अक्कासाठी.

अक्का लहानपणीच विधवा झालेली. आई गेल्यावर मामांना तिनंच वाढवलं. सोवळं कडक. बाहेरचं अन्न नाही, घरच्या विहिरीचंच पाणी. पूर्वी आगगाडीत ती दिवसभर उपाशी राहायची, आता ते झेपेना. आणि मरायच्या आधी तिरुवय्यारूला कावेरीत एकदा स्नान व्हावं, एवढा एकच ध्यास. मग स्वयंपाकघरच बरोबर न्यायचं, असं मामांनी ठरवलं.

ऐप्पसी महिन्यात, कावेरीस्नानाच्या दिवसांत, जीपला ट्रेलर जोडून निघालो. सोबतीला मी आणि आमचे हे. चेंगलपट्टूच्या पुढं उतारावर ट्रेलर झोकांड्या खाऊ लागला आणि आमच्या जीपलाही ओढू लागला. मी "अगं आई गं!" म्हणून किंचाळले. मामांनी ब्रेक दाबला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला, चाक घट्ट धरलं. जीप हळूहळू मंदावत एका चिंचेखाली थांबली.

मागचं दार उघडलं. मामांनी एका घागरीची परवानगी दिली होती, तीही पुढच्या बाजूला. पण पुढं आमच्या गाद्या होत्या ना! पाण्याला गादीचा विटाळ नको म्हणून अक्कानं, मामा वजन बघून आंघोळीला गेल्यावर, अगदी मागच्या टोकाला मोठा पितळी हंडा ठेवून तो काठोकाठ भरला होता.

"अक्का, पुढं घेतला तर स्प्रिंगा बसतील, मागं ठेवला तर ट्रेलर उलटेल. ओतावा लागेल."

"मग मला घरी ने."

"नेतो."

माझा संताप संताप झाला. "अहो मामा, एका हंड्यानं काय होतंय? तिचा जीव अडकलाय या स्नानात!"

मामा रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. टॉवेलात तोंड खुपसून म्हणाले, "माझी आईच आहे हो ती. तिला वाटेत मारून कावेरी दाखवू?"

अक्कानं ते ऐकलं. खाली उतरली. तांब्याभर पाणी काढून ठेवलं आणि बाकीचा हंडा स्वतःच्या हातानं चिंचेच्या मुळाशी कलंडवला. "कावेरीकडं जाताना पाणी कसलं वाहून नेतोस रे?" म्हणाली, जशी काही सगळी चूक त्याचीच! मामा रडता रडता हसले. मग आम्ही गाद्या मागं टाकल्या, जड सामान पुढं घेतलं आणि मामांनी पुन्हा दांडा उचलून पाहिला.

तिरुवय्यारूला अक्का पाण्यात उतरली ती बाहेरच येईना. मामा पायरीवरून ओरडत होते, "पोदुम अक्का, पोदुम! सर्दी होईल!" ती लहान पोरीसारखी पुन्हा बुडी मारायची. मला तेव्हा फार बरं वाटलं.

पुढं काही वर्षांनी अक्का गेली. मामांनी ट्रेलर विकायला काढला. एक गिऱ्हाईक आत डोकावून म्हणालं, "हा ओटा काढून टाकला तर वजन बरंच कमी होईल."

"होईल," मामा म्हणाले, आणि घरात निघून गेले.