चुडामणभाऊंचे हलके खडे

चुडामणभाऊ जातीने कुंभार, पण एकोणीसशे एकतीस साली ते भुसावळजवळच्या एका वीटभट्टीवर आग सांभाळायचे. मी तिथेच विटा वाहायचो. माणूस भारी हेकट. एकदा मनात घेतलं की जेवणसुद्धा विसरायचे.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या घराच्या धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, मधली तुळई वाकली. आमच्याकडे दर वर्षी पावसाआधी धाब्यावर खारी माती टाकतात. जुनी मात्र कुणी काढत नाही. तीस वर्षांचं ओझं वर साचलेलं. माती कमी करावी तर घर गळणार, नवी तुळई आणावी तर ऐपत नाही. आणि खाली खाटेवर त्यांची आई ताईबाई, पायांनी अधू. भाऊ तिला माझ्या घरी हलवायला लागले, तर म्हातारीने याच घरात मरायचा हट्ट धरला. म्हणाली, "तुना बाप आठेनच गया. मीबी आठेनच जासू."

भट्टीत जास्त भाजून फुगलेली वीट, म्हणजे खंगर, आम्ही फेकून द्यायचो. ती फोडली की आत भोकंच भोकं, आणि वजनाला अगदी हलकी. असे खडे मुद्दाम करायचे आणि मातीऐवजी धाब्यावर पसरायचे, असं भाऊंनी ठरवलं. काळ्या मातीत बाजरीचा भुसा कालवून त्यांनी बोराएवढ्या गोळ्या वळल्या, वाळवल्या आणि कुंभाराच्या रीतीने मंद आचेवर हळूहळू तापवत नेल्या. एकदम आच लागली तर मडकं तडकतं, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. गोळ्या घट्ट आणि जड निघाल्या. तीनदा तेच.

"भाऊ, गोफणीला गोटे बरे झाले!" आम्ही टिंगल केली. मीही हसलो, त्याची आजही लाज वाटते.

भाऊंनी घरी ही हकिगत सांगितली, तर ताईबाई खाटेवरून खेकसली, "थंडा तवावर भाकर फुगस का रे?"

भाऊ तसेच उठले. या वेळी वाळलेल्या गोळ्या त्यांनी थेट भट्टीच्या रसरशीत जाळात सोडल्या. वरची माती वितळून चकाकली, तिची साल झाली. आत जळणाऱ्या भुशाचा वायू कोंडला आणि गोळी टम्म फुगली. जरा उशीर झाला की गोळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा दगड व्हायचा. भाऊंचे हात भाजले, भुवया जळाल्या. पंधरा दिवसांत चाळीस पोती भरली. एक पोतं मी एका हाताने सहज उचललं.

मग आम्ही धाबं उकरलं. जुनी माती उतरवली, खडे पसरले, वर चार बोटं खारी माती. तेवढे दिवसही म्हातारीने खाट सोडली नाही. घोंगडी ओढून आम्हाला शिव्या घालत राहिली. तुळई सरळ झाली नाही, पण पुढे तसूभरही वाकली नाही.

चार पावसाळ्यांनी ताईबाई गेली, सकाळी, झोपेतच. गाव लोटलं. अंगणात जागा उरली नाही, म्हणून वीसेक माणसं शिडी लावून धाब्यावर चढली. आम्ही खाली म्हातारीजवळ बसलो होतो. मी घाबरून वर तुळईकडे पाहिलं. चुडामणभाऊ ढसाढसा रडत होते, पण त्यांनी एकालाही खाली उतरायला सांगितलं नाही.