पहिली चिठ्ठी माझी होती, म्हणणाऱ्या बाई

आमच्या डॉक्टर शशिकलाबाईंना यंदा पंचाहत्तर पूर्ण झाली. मी चौथी शिकलेली. तरी तुम्ही डॉक्टर मंडळी गौरव अंकासाठी लिहा म्हणालात म्हणून लिहिते. गोड लिहिता येत नाही.

बाईंची माझी ओळख भांडणाने झाली. डोंबिवलीच्या दवाखान्यात केर काढायला लागले, त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मावशी, हात धुतलेत?" मी म्हटलं, "तुम्ही धुतलेत का?" त्या मुकाट्याने उठल्या, धुवून आल्या. मी तिथेच टिकले.

ऑपरेशनचं काही असलं की बाई चिठ्ठी देऊन ठाण्याच्या एका सर्जनकडे पाठवायच्या. ते त्यांचे वर्गमित्र. दर भाऊबीजेला ओवाळून घ्यायला यायचे. माझ्या सुनेला, सविताला, बाईंनीच तिकडे पाठवलं. सर्जननी कॅन्सरची भीती घातली आणि बत्तिसाव्या वर्षी तिची गर्भपिशवी काढली. पुढे तशाच आणखी बायका आल्या. बाईंनी सगळ्यांचे रिपोर्ट मागवून वाचले. कॅन्सर एकीलाही नव्हता.

बाईंनी आधी सर्जनना समजावलं. ते हसले. "शशी, बायका सुटल्या म्हणून दुवा देतात मला."

मग बाई मेडिकल कौन्सिलकडे तक्रार लिहायला बसल्या. मी म्हटलं, "जाऊ द्या ना. आपलं काय गेलं?"

"तुमच्या सुनेची पिशवी गेली, मावशी. उगाच गेली. आणि पहिली चिठ्ठी माझी होती."

तसंच त्यांनी तक्रारीतही लिहिलं, माझीही चौकशी करा म्हणून. आमच्या घरी येऊन सविताला स्वतः सांगितलं. ती म्हणाली, "आता सांगून काय उपयोग?"  तरी बाई उठून गेल्या नाहीत. सविता वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. मीही कामापुरतंच बोलायचे. खोटं कशाला सांगू?

सर्जनचं काम काही काळ बंद झालं. तुम्ही डॉक्टर मंडळींनी मात्र वाळीत टाकलं ते बाईंना. मीटिंगला त्यांच्या शेजारी कोणी बसेना. त्या भाऊबीजेला बाईंनी ताट करून ठेवलं होतं. दुपार टळल्यावर म्हणाल्या, "मावशी, करंज्या घरी न्या." एवढंच.

आता तुम्हीच गौरव करताय. बरं आहे. बाईंना पुष्कळ आयुष्य मिळो, त्यांचे गुडघे धड राहोत. पण एकटीने काढायचं असेल तर लांब आयुष्य काय कामाचं? त्यांच्याकडे जात जा. आणि तुमच्यातला कोणी चुकताना दिसला, तर या खेपेला तुम्ही आधी बोला. म्हातारीला पुन्हा एकटीला बोलायला लावू नका.