रुमालाखालची मशीन

दुपारी जेवण झालं की मी ओसरीवर आडवा होतो. तेव्हा आतून बायकोच्या पायमशीनचा आवाज यायचा आणि त्या आवाजावर मला झोप लागायची. झोपेत वाटायचं, मी गाडीत निजलोय, बैल आपले आपण घराकडं निघालेत आणि दोन्ही अंगांनी केळीची पानं वारा घालताहेत. मग तिचे गुडघे गेले. मशीन गप झाली आणि माझी दुपारची झोपही गेली.

तिचं दुःख वेगळं होतं. आमची नात धुळ्याला दिलेली, तिला दिवस गेलेले. बाळाच्या अंगाखाली पणजीच्या जुन्या पातळाची गोधडी घालायची, ही आमच्या घरातली रीत. बायको पातळं बाहेर काढायची, चाचपायची, परत घडी करून ठेवायची. हातानं टाके घालायला डोळे साथ देईनात. एक दिवस म्हणाली, "दुसऱ्या कोनाच्या हातची घालतीन आता बाळाले." एवढंच बोलली.

मुलगा म्हणाला, "आबा, मोटारीवरची शिलाई मशीन फोनवर मागवून देतो. स्वस्तात येईल."

"जिच्यावर हात फिरवता येत नाही अशी वस्तू मी घेत नाही," मी म्हणालो. शाळा मी चौथीत सोडली, पण रावेर-यावलच्या बाजारातून जन्मभर बैल घेतले आणि एकही फसवा निघाला नाही. माझ्या बायकोची मशीन मीच घेणार होतो, आणि मी म्हणेन त्या भावात.

जळगावला एसटीनं गेलो. सकाळचं धुकं केळीच्या बागांवरून उठलं नव्हतं. लांब दीपनगरच्या वीजघराच्या चिमण्यांचा धूर त्या धुक्यात मिसळत होता. बायको खिडकीशी बसली होती. पाय हलवत नव्हती, पण मांडीवरची बोटं कापड पुढं सरकवल्यासारखी सरकत होती.

दुकान एका म्हाताऱ्या मारवाडी शेठचं. भिंतीवर पाटी : एकच भाव. शेठनं बायकोला मशीनपुढं बसवलं. तिनं पायाखालचं बटण अंगठ्यानं जरा दाबलं आणि मशीन एकदम धावली. कुणाच्या अंगावर पाय पडावा तसा तिनं पाय उचलला. इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच पुन्हा दाबलं.

मी चाक फिरवलं, कान लावला, पाठीवरून हात फिरवला.

"आबा, बैलासारखे दात बघायचे राहिले," शेठ हसले.

"कापड सरकवाचे दाते खाली हायेत, बरोबर हायेत," बायको आपल्याच नादात म्हणाली.

शेठनं भाव सांगितला, वर पाटीकडं बोट दाखवलं. मी खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला आणि हात पुढं केला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. कुठली बोटं धरली, किती दाबली, त्यावर भाव ठरतो आणि भोवतीच्या माणसांना कळत नाही.

शेठ रुमालाकडं बघत राहिले. मग त्यांनी सावकाश बाही वर सरकवली.

"माझे वडील कापसाचा सौदा असाच करायचे," ते म्हणाले. "मला वाटलं, हे सगळं गेलं."

त्यांचा हात रुमालाखाली आला. बोटं मऊ होती, पण शिकलेली होती. बाहेरचे हॉर्न लांब लांब गेले आणि मला घुंगरं ऐकू यायला लागली, बैलबाजारातल्या चिंचेखालची धूळ नाकात आली. बायकोची मशीन मधूनच घरघरायची आणि थांबायची.

एका बोटावर अडलं. शेठ माझं ते बोट सरळ करून भाव वाढवत, मी मिटून उतरवत. शेवटी ते मान हलवून म्हणाले, "नाही जमत, आबा."

"मंग ऱ्हाऊ द्या." मी बायकोला म्हणालो, "चाल व, उठ."

ती उठली नाही. माझ्याकडं न बघता तिनं रुमालाखाली हात घातला. शेठनं झटकन आपला काढून घेतला. एवढ्या वर्षांत माझ्या रुमालाखाली बाईचा हात कधी आला नव्हता. तिनं माझं मिटलेलं बोट चाचपून शोधलं, सरळ केलं आणि तसंच धरून ठेवलं. सुईनं खरबरीत झालेली तिची बोटं मी किती वर्षांनी हातात धरली होती कोण जाणे.

"झाला सौदा," मी म्हणालो.

"मालकिणीला बाजारात आणायचं नसतं हो, आबा," शेठ म्हणाले आणि सुयांची एक पुडी वर टाकली.

घरी मुलानं विचारलं, गल्लीनं विचारलं, "केवढ्याले पडली?" रुमालाखालचा भाव सांगत नसतात. मी सांगितला नाही. बायकोला विचारलं तर ती सरळ सांगायची, "त्याहिले इचारा."

दुपारी मी ओसरीवर आडवा झालो. नव्या मशीनचा आवाज बारीक, भुंग्यासारखा. डोळा लागता लागता गाडी निघाली, पण पुढं बैल दिसेनात. गाडी तरी चाललीच होती. मी खांद्याकडं हात नेला. रुमाल नव्हता.

आत गेलो तर तो सुईखाली होता, हिरव्या पातळाच्या दोन पदरांमधे अर्धा शिवलेला.

"माझा रुमाल व!"

"मधात घालाले कापड कमी पडलं," ती मान वर न करता म्हणाली. "आता बैल कुठी घ्याचे हायेत तुमाले?"

गोठ्यात ट्रॅक्टर उभा होता. मी तोंड उघडलं होतं, पण तिनं बटण दाबलं. मी ओसरीवर येऊन पुन्हा आडवा झालो.