बोनेट गार आहे

अगं, दारातूनच काय बोलतेस? ये अशी जवळ, ती खुर्ची ओढ. आणि मागच्या शेडमधल्या ट्रॅक्टरला पुन्हा भंगार म्हणालीस ना, तर मावशीच्या घरी चहा मिळायचा नाही, सांगून ठेवते. स्कूटरचा आरसा घ्यायला नाना पेठेत गेलीस, तिथे मिस्त्रीचाचा आपल्या पुतण्याच्या दुकानासमोर स्टुलावर बसलेले दिसले, आणि हे तू मला आज, जाता जाता सांगतेस? अख्ख्या पुण्यात यंत्राला अहो आणि त्याच्या मालकाला अरे म्हणणारा हा एकच माणूस झाला, बाई. दुसरा होणार नाही.

तुझे काका शाळेतून निवृत्त झाले आणि इथे वाघोलीला त्यांनी रोपवाटिका काढली, तेव्हाची गोष्ट. माती, कुंड्या ओढायला छोटा ट्रॅक्टर हवा होता. नवा परवडणारा नव्हता, म्हणून जुना बघायचा ठरला, आणि कुणीतरी चाचांचं नाव सांगितलं. जुना ट्रॅक्टर बघायला जायचं तर चाचा सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी पोचायचे. गेल्या गेल्या बोनेटवर तळहात ठेवायचे, तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. बोनेट गरम लागलं की हात पुसून माघारी. कारण गार इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे खोकतं, जो धूर टाकतं, तेच त्याचं खरं बोलणं. आधीच तापवून ठेवलं की सगळं झाकलं जातं. एकजण म्हणाला, "चाचा, आत्ताच शेतातून आलाय." चाचा म्हणाले, "मग उद्या सकाळी येतो. त्याला झोपू दे."

दुसऱ्याने मीटर दाखवला, फक्त पाचशे तास चाललाय म्हणून. चाचा मीटरकडे बघतच नसत. खाली वाकून त्यांनी क्लचच्या पेडलचं रबर बघितलं. पार गुळगुळीत झालेलं. "पाचशे तासांत यावर काय मिरवणूक नाचली का रे?" तिसऱ्याला ताजा रंग होता, तर विचारलं, "लग्न कुणाचं आहे?" चौथा मात्र मळका, पत्रा चेपलेला, आणि गारेगार. तो खोकत खोकत सुरू झाला. चाचांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला, डोळे मिटले. शेवटी त्या ट्रॅक्टरलाच म्हणाले, "अहो, आपण आजारी आहात, पण खोटं बोलत नाही. चला घरी."

घरी आल्यावर दुरुस्ती. मागची लिफ्ट, म्हणजे अवजार उचलून धरणारे हात, हळूहळू खाली बसायची. तिची परीक्षा चाचा चहाने घ्यायचे. मातीची दोन पोती उचलून धरायची, शेजारच्या भिंतीवर खडूची रेघ ओढायची आणि चहा प्यायला बसायचं. कप रिकामा होईपर्यंत पोती रेघेवर राहिली तर लिफ्ट पास. आमची लिफ्ट चार बोटं खाली उतरली. मग त्यांनी ती उघडली, सगळे वायसर, रिंगा, स्प्रिंगा माझ्या जुन्या चादरीवर ओळीने मांडल्या आणि नमाजाला गेले. मला मेलीला पसारा बघवत नाही. मी सगळं गोळा करून, पुसून, परातीत ठेवलं. चाचा आले, परातीकडे बघत राहिले. "वहिनी, तांदूळ छान निवडलेत." पुढे दोन दिवस ती ओळ लावत बसले, पण मला एक शब्द लागेल असा बोलले नाहीत.

काका गेले. रोपवाटिका माझ्याने होईना, ट्रॅक्टर विकायचा ठरवला. घेणारा म्हणाला, चाचा हो म्हणाले तरच घेईन. मला काय, घरचाच माणूस. ते आले. नेहमीसारखे तासभर आधी. बोनेटवर हात ठेवला.

गरम होतं.

माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "वहिनी, आपणसुद्धा?"

अगं, काका रोज सकाळी सातला तो सुरू करायचे. ते गेल्यावर मी रोज सातला जाऊन किल्ली फिरवायची, पाच मिनिटं त्या आवाजाशेजारी उभी राहायची. त्या दिवशी शेवटचं म्हणून जास्तच वेळ उभी राहिले. एवढंच सांगायचं होतं ना? पण लोकांसमोर रडू येईल म्हणून मी ताठ झाले. म्हणाले, "विश्वास नसेल तर येऊ नका." ते हात पुसत निघून गेले. घेणाराही गेला. मी बाकी विकलं, ट्रॅक्टर पुन्हा कुणाला दाखवला नाही, अजूनही रोज सातला किल्ली फिरवते. पाच वर्षं झाली. नाना पेठ काय परदेशात आहे? पण माझं पाऊल उचललं नाही.

काय विचारलं म्हणालीस त्यांनी? "मावशींचा ट्रॅक्टर कसा आहे?" माझं नाही विचारलं. विचारलं की गं, ट्रॅक्टरचं विचारलं म्हणजे माझंच विचारलं. कान गेलेत म्हणतेस? तळहात तर आहे ना.

तू उद्याच जा. मोठ्याने सांग, वहिनी आजपासून किल्लीला हात लावणार नाहीत. सात वाजता मी रेडिओ लावून बसेन, काढेन कसेबसे दिवस. बॅटरी उतरली म्हणून ओरडतील, ओरडू देत. म्हणावं, भिंतीवरची रेघ अजून आहे, दोन पोती भरून ठेवते, चहा टाकते. बोनेट गार आहे, चाचा. या लवकर.